गुलाबखाँ पिंजारी शास्त्रज्ञ कसे झाले

महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना एक जूनला जन्माला घालण्याचे श्रेय निर्विवादपणे हेडमास्तरांकडे जाते. आईबापांना मुलाचा जन्म ठाऊक असे तो ज्वारीच्या कणसावरून, देवीच्या साथीवरून, फार तर शेजारच्या म्हशीच्या वेतावरून. आणि शाळेच्या दाखल्याला हवी असे तारीख. शाळा जूनमध्ये उघडते एवढ्या भक्कम पुराव्यावर मग लाखो माणसे एकाच दिवशी जन्मली आणि अठ्ठावन्न वर्षांनी, तितक्याच शिस्तीत, एकतीस मेला निवृत्त झाली. इद्रिस मन्सुरी त्यांतलाच. परवेजही. त्यांची थोरली बहीण सकीना शाळेत गेलीच नाही, त्यामुळे तिला तारीख मिळाली नाही. तिच्या वाट्याला केवळ जन्म आला.

त्या रविवारी, एकतीस मेच्या दुपारी, नंदुरबारातले सगळे हॉल निरोपसमारंभांच्या शालींनी भरून गेले होते. परवेजच्या गादीच्या दुकानामागच्या खोलीत मात्र मन्सुरी कुटुंब आमरसाच्या पातेल्याभोवती बसले होते, आणि वाद चालला होता तो पस्तीस वर्षांपूर्वी वारलेल्या बापाच्या वाढदिवसाचा.

वादाला तोंड फोडले ते इद्रिसचा मुलगा तौहिद याच्या मुलीने, नमिराने. ही नात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. तिने एक पिवळी पुस्तिका ताटांच्या मधोमध आपटली.

"कालच्या सराव परीक्षेतला सतरावा प्रश्न," ती म्हणाली. "एक जून रोजी जन्मलेले खान्देशातील कापूस शास्त्रज्ञ कोण? पर्याय चार. तिसरा, गुलाबखाँ मन्सुरी. चौथा, यांपैकी नाही."

"मंग? तिसरा लिखा असशी ना?" परवेजने विचारले.

"चौथा."

"आनि?"

"पाव गुण कापला."

परवेजने पोळीचा घास खाली ठेवला. "सख्खा पणजोबाले यांपैकी नाही म्हनी उनी ही पोर!"

"शास्त्रज्ञ नव्हतेच ते, छोटे दादा! गाद्या भरायचे! मी क्लासच्या नवल सरांकडे गेले. सर म्हणाले, माझ्या पुस्तिकेला आधार आहे, तुझ्याच आजोबांचा फळा. घरी येऊन दादांना विचारलं, तुमच्या फळ्याला आधार काय? तर दादा म्हणाले..."

"पुस्तिकेत आहे," इद्रिस पातेल्यात पाहत म्हणाला.

ज्ञानव्यवहारात यालाच परस्परपुष्टी म्हणतात, आणि तिच्यावर याहून मोठ्या कीर्ती उभ्या आहेत.

त्या फळ्याचा इतिहास असा. चित्रकलेचा शिक्षक असताना इद्रिसने परवेजच्या दुकानासमोरच्या वाचनालयाच्या भिंतीवरील काळा फळा मागून घेतला आणि रोज पहाटे त्यावर दिनविशेष लिहू लागला. घटना, जन्म, मृत्यू, अशी तीन सदरे. दोन ग्रंथांत सापडल्याखेरीज तो एकही ओळ लिहीत नसे. त्याचे अक्षर इतके सुबक की लोकांनी त्यावर विश्वास ठेवण्यासाठी आणखी कारण मागितले नाही. शाळांतील परिपाठ, पुढाऱ्यांची भाषणे, नवल सरांची पुस्तिका, सगळे त्या फळ्यावरून उतरवले जाई. चौकाला लोक फळ्याचा चौक म्हणू लागले.

सत्त्याण्णव सालच्या एक जूनला फळ्यावर वीतभर जागा उरली. घटना भरपूर होत्या: एसटीची पहिली गाडी याच दिवशी पुण्याहून अहमदनगरला सुटली, डेक्कन क्वीनही याच दिवशी प्रथम धावली. मृत्यूच्या सदरात माजी राष्ट्रपती संजीव रेड्डी होते. जन्माच्या सदरात मात्र दोन सिनेतारका, एक मुंबईची आणि एक अमेरिकेची, आणि त्यांच्याखाली कोरा फळा. वर्षभर राजे, सेनापती आणि मंत्री लिहून इद्रिसचा हात दुखत होता. त्या शेकडो नावांत एकही माणूस असा नव्हता की ज्याने हाताने काही केले. त्याने अमेरिकेच्या तारकेखाली बारीक अक्षरांत लिहिले: १९२६, गुलाबखाँ मन्सुरी, गादीकार. साल तारकेचेच घेतले. तारीख हेडमास्तरी पद्धतीची होती.

कोणी हरकत घेतली नाही. पुढल्या वर्षी "गादीकार"आधी "कुशल" आले. काही वर्षांनी "कापसाचे जाणकार" आले; तेही खोटे नव्हते, कारण गुलाबखाँ चिमूटभर रुई बोटांत फिरवून ती कितव्या वेचणीची ते सांगत. एका साप्ताहिकाने जाणकाराचा तज्ज्ञ केला. नवल सरांनी तज्ज्ञाचा शास्त्रज्ञ केला, कारण प्रश्नात तो शोभतो. आणि सात वर्षांपूर्वी इद्रिसने, छापील ग्रंथात उल्लेख मिळाल्याचे पाहून, आपल्या फळ्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत "शास्त्रज्ञ" लिहिले. त्या दिवशी त्याला बरे वाटले होते. कोणी तरी ते स्वतंत्रपणे शोधून काढले, असेच त्याला वाटले.

आता उद्या सकाळी दहा वाजता, जन्मशताब्दीनिमित्त, चौक सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष करणसिंग "शास्त्रज्ञ गुलाबखाँ मन्सुरी चौक" या पाटीचे अनावरण करणार होते. पाटी परवेजच्या दुकानाबाहेर खांबावर चढली होती. तिच्यावर गादीच्या खोळीचे नवे कापड झाकले होते. कापड परवेजने दिले.

"मी ती ओळ काढणार आहे," इद्रिस म्हणाला. "उद्या पहाटे. आणि खाली लिहिणार, चूक माझी."

परवेजची बायको अतिका हिने पळी पातेल्यात ठेवली. "भाईजान, अकरा किलो पेढा सांगेल शेतस."

"पेढे चांगलेच असतील, अतिका."

"त्यासवर बी शास्त्रज्ञ लिखेल शे का?" कोपऱ्यातून सकीना म्हणाली.

परवेज हसला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होते आणि ते त्याने कोणाला सांगितले नव्हते: उद्यापासून रिक्षावाला ओरडेल, "गुलाबखाँ चौक, गुलाबखाँ चौक!" बासष्ट वर्षे तो या गावात राहिला. गावाने त्याच्या गाद्यांवर झोप घेतली आणि सकाळी उठून त्याला "ए पिंजारी" म्हटले.

"आपा, भाईजान, माले एक सांगा," तो म्हणाला. "ह्या गावमा आपलं नाव कथा शे? लाइटबिलवर. आनि मतदारयादीमा, तठे बी अब्बाले गुलाबराव करी टाकेल व्हतं. आते पहिलींदाव खांबवर चढी ऱ्हायनं, त्ये तुम्हीनच उतारा! बाकीना चौकसवरला मोठा मानसं काय तपाशीसन चढाएल शेतस का?"

हा प्रश्न विद्वानांनाही अवघड आहे. उत्तर दिले ते सकीनाने.

"पहिले तारीखनं आयक," ती म्हणाली. "मन्हा बाप हिवायामा जल्मना व्हता. आजी सांगे. रजायासना सीझन व्हता, म्हनीसन सुईनले पैसा नही, रजई दिन्ही. जूनमा कोन रजई ली रे?"

"तारीख सोड, आपा."

"सोडी. आते शास्त्रज्ञ. का रे परवेज, पिंजारी म्हनाले तुले लाज वाटस का?"

"लाज नही. पन पिंजाराना नावना चौक कोन करस?"

"मंग नको करू देत! खांडबाराले काय जयं व्हतं, याद शे? तू ल्हान व्हता. इद्रिसले इचार."

इद्रिसला आठवत होते. खांडबाऱ्याला एका मोठ्या घरी लग्नाच्या गाद्या भरायच्या होत्या. यजमानाने जुनी, काळवंडलेली रुई पुढे टाकली आणि कोऱ्या खोळी दिल्या. मुलीच्या सासरी कोण उसवून पाहणार? गुलाबखाँनी कापूस पिंजण्याची कमान खांद्यावर टाकली आणि ते दहा वर्षांच्या इद्रिसला घेऊन स्टेशनावर येऊन बसले. गाडी संध्याकाळी होती. दिवसभर दोघे उपाशी होते.

"नवी खोळमा जुनी रुई भरानं काम त्यानी जिंदगीमा नही करं," सकीना म्हणाली. "आनि तुम्ही दोन्ही पोरेसनी त्यालेच खोळमा भरी टाकं. वरथीन टाका घालीसन खोळ बी शिवी दिन्ही."

अतिकाने नवऱ्याकडे पाहिले, मग सकीनाच्या ताटात न विचारता आणखी रस वाढला. घरातल्या बहुमताची ही पद्धत परवेज ओळखत होता. पेढ्यांचा पक्ष फुटला होता.

"ठीक शे," तो उठत म्हणाला. "पन भाईजान, फळावर तू तशे लिखं, त्ये मन्हा दुकानना ओटावर पाय ठेवजो नको. समितीवाला फळा बी काढी लेतीन तुन्हापाईन. नवल सर कवयना तठे फ्लेक्स लावाले टपेल शे. मंग बस घरमा दोन ग्रंथ लीसन."

तो दुकानात निघून गेला. पिंजणयंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. रविवारी ते कधी सुरू होत नसे.

आणि मग ज्या पक्षाने युद्ध पुकारले तोच डगमगला. ताटे उचलताना नमिरा आजोबांजवळ बसली.

"दादा, नका लिहू."

"तूच तर पुस्तिका आणलीस."

"मला पाव गुण परत हवा होता. तुमचा फळा नाही जाऊ द्यायचा होता मला! लोक म्हणतील, हे एक खोटं तर बाकीचं कशावरून खरं? तीस वर्षं लिहिलंत ते सगळं..."

"म्हणतीलच. म्हणायलाच हवं."

"मग नुसती ओळ गाळा. कोणाच्या लक्षातही येणार नाही."

इद्रिसने विचार केला. मोह मोठा होता. गाळणे हा संपादकांचा जुना आणि सन्मान्य मार्ग आहे. त्यात चूकही जाते आणि चूक करणाराही. पण मनात, स्टेशनाच्या बाकावर, कमान मांडीवर घेऊन बसलेला माणूस त्याच्याकडे बघत नव्हता. तो रुळांकडे बघत होता, आणि ते अधिक वाईट होते.

"तुझा पाव गुण मीच खाल्ला, नमिरा," तो म्हणाला. "तो देऊन टाकू दे."

पहाटे साडेपाचला चौक झाडून होत होता. नमिरा स्टूल धरून उभी होती. इद्रिसने घटना लिहिल्या, जन्म लिहिले, मृत्यू लिहिला. उरलेल्या जागेत पिवळ्या खडूने चौकट आखली आणि तीत शुद्धिपत्र लिहिले. अक्षर नेहमीसारखे वळणदारच आले. सवय माणसाहून प्रामाणिक असते. दुकानाचे शटर अर्धे वर होते. आत परवेज उभा होता हे दोघांनीही पाहिले. तो बाहेर आला नाही.

दहाला मंडप भरला. आगाराचे चालक-वाहक दरवर्षीप्रमाणे आपल्या एसटीची ओळ ऐकायला हार घेऊन आले होते. रनाळ्याहून गाद्यांचे जुने गिऱ्हाईक आले होते. नवल सर पहिल्या रांगेत होते. फळा खुर्च्यांच्या मागे पडल्यामुळे त्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते. खरे तर तो वाचण्याची गरज कोणाला उरलीच नव्हती. तो ऐकण्यासाठी होता.

करणसिंग पावणेअकराला आले. काल सात निरोपसमारंभांना बोलून ते थकले होते. भाषण तयार नव्हते, पण त्यांची रीत ठरलेली होती: कार्यकर्त्याने सकाळी काढलेला फळ्याचा फोटो मोबाइलवर मोठा करायचा आणि वाचत जायचे. आवाज भारदस्त होता आणि तो विरामचिन्हाखेरीज कशालाही थांबत नसे.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आजच्या या पावन दिवशी, एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली, पुणे ते अहमदनगर, एसटीची पहिली गाडी धावली!"

चालकांनी शिट्ट्या वाजवल्या.

"आजच्याच दिवशी एकोणीसशे सव्वीस साली अमेरिकेच्या अभिनेत्री मेरिलिन मन्रो यांचा जन्म झाला! त्यांनाही आपण अभिवादन करू या!"

अभिवादनाचे हात वर गेले. सकीनाने पदराने तोंड झाकले.

"आणि, शुद्धिपत्र!" करणसिंग गरजले. "या फळ्यावर एकोणतीस वर्षे आजच्या दिवशी गुलाबखाँ मन्सुरी यांचा जन्म दाखवला. ती नोंद निराधार आहे. त्यांची जन्मतारीख कोणालाही ठाऊक नाही. ते शास्त्रज्ञ नव्हते. ते पिंजारी होते. गावोगाव फिरून गाद्या भरत, आणि उत्तम भरत. शास्त्रज्ञ हा शब्द लिहून मी त्यांचा अपमान केला. वाचकांनी आपापल्या वह्यांत दुरुस्ती करावी. नोंद माझी, चूक माझी. इद्रिस गुलाबखाँ मन्सुरी!"

सवयीने टाळ्या पडल्या. मग त्या एकेक करून थांबल्या. करणसिंगांनी मोबाइल दूर धरला, जवळ धरला. परवेज खांबाशी दोरी हातात घेऊन उभा होता. त्याला भाऊ दिसत होता, मंडपाच्या कडेला, मास्तरांसमोर उभ्या राहिलेल्या मुलासारखा हात बांधून.

पण तीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनात करणसिंगांनी याहून मोठी सत्ये पचवली होती. "चूक कबूल करणे," ते म्हणाले, "हेही एक शास्त्रच आहे! ओढा दोरी!"

परवेजने ओढली. कापड गळून पडले. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत "शास्त्रज्ञ" एवढे मोठे आले होते की बाकीचे नाव त्याच्या सावलीत बसले होते.

मंडपात मागून कोणी तरी मोठ्याने म्हणाले, "मंग काय, पिंजाराना चौक म्हनो का आते?" आणि हशा पिकला. तो दुष्ट नव्हता. पेढे वाटले जाण्यापूर्वी लोक हसतात तसाच तो होता. "आरे, उद्या न्हावीना बी करो!" दुसरा म्हणाला. पुन्हा हशा.

परवेज काल दिवसभर जे टाळत होता ते आता त्याच्या कानांवर स्पष्ट पडले. पाटीवरचा तो शब्द या हशाच्याच बाजूचा होता. तोही हेच म्हणत होता, की पिंजाऱ्याला खांबावर चढवायचे तर आधी दुसरे कोणी तरी बनवावे लागते.

तो दुकानात गेला. लोकांना वाटले, पेढे आणतोय. तो शिडी घेऊन आला, आणि गठ्ठ्यांवर गिऱ्हाइकांची नावे घालण्याचा लाल रंगाचा डबा. खांबाला शिडी लावून चढला. करणसिंग "अहो, अहो" म्हणेपर्यंत "शास्त्रज्ञ" या शब्दावरून जाडा ब्रश दोनदा फिरला होता.

मग तो वरूनच वळला. बासष्ट वर्षांचा, सुटलेल्या पोटाचा, हातावर लाल ओघळ आलेला.

"हसनात, चांगलं करं," तो म्हणाला. "आते एक सांगा. आठे कोन कोन शेतस, जे गुलाबखाँनी भरेल गादीवर जल्मना नहीत? हात वर करा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. काही मनात हिशेब करताना दिसले. आगाराचा एक वाहक हात वर नेता नेता थांबला, शेजारी बसलेल्या आईने त्याचे मनगट धरून खाली ओढले. नवल सर चष्मा पुसत होते. रनाळ्याचा एक म्हातारा मात्र उभा राहिला आणि म्हणाला, "मी नही. पन मन्हा पाचीच्या पाची पोरे." आणि बसला.

"करनसिंगभाऊ?" परवेजने विचारले.

करणसिंगांनी एक विलक्षण गोष्ट केली: माइक बंद केला.

परवेज पाटीकडे वळला आणि वरच्या मोकळ्या निळ्यावर लिहू लागला. "पिं" मोठा आला, "जा" त्याहून मोठा, आणि "री"ला जागा पुरेना म्हणून ती पाटीच्या कडेवरून खाली घसरली. रंग ओघळून बापाच्या नावावर आला. नमिराने शिडी धरली होती. ती खालून म्हणाली, "छोटे दादा, थोडं डावीकडे!" परवेजने ऐकले नाही.

गावातील सर्वांत सुंदर अक्षर असलेला माणूस ते पाहत होता. त्याच्याने राहवले नाही. तीस वर्षांची बोटे वळवळली. तो पुढे झाला, शिडीच्या पायथ्याशी राहिलेला दुसरा ब्रश त्याने उचलला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

सकीनाने त्याचा सदरा मागून धरला.

"इद्रिस," ती म्हणाली, "ठेव तो. आज त्याले लिखू दे."